अनोळखी सफरचंद: चव घ्यायची कशी, सांगायची कशी

ॲशमीड्स कर्नेल हे सफरचंद पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी चुकून बटाटा ठेवलाय. रंग हिरवट-तपकिरी, चकाकी नावाला नाही, साल हाताला खरखरीत, आकार चपटा आणि बऱ्याचदा एका अंगाला कललेला. लालबुंद फळांच्या शेजारी ठेवलं तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. तरीही सफरचंदांचे दर्दी ज्या मोजक्या जातींची नावं अदबीनं घेतात, त्यांत हे नाव हमखास येतं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७०० च्या सुमारास ही जात उगवली. रूप असं, झाडाला फळंही बेताचीच, आणि तरी तीनशे वर्षं लोक तिची कलमं करत आलेत ते निव्वळ चवीसाठी.

ही चव कशी असते असं विचारलं की उत्तर मिळतं, "आंबटगोड. छान असते." उत्तर खोटं नाही, पण निम्म्या सफरचंदांना ते लागू पडतं. ज्यानं ते फळ खाल्लेलं नाही, त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. काही जण याच्या अगदी उलट टोकाला जातात: मध, गुलाब, जायफळ, ओल्या लाकडाचा भास, हरवलेल्या उन्हाळ्याची आठवण! वाचायला बहार, पण तेच फळ समोर आलं तर वाचणाऱ्याला ओळखता यायचं नाही. माझ्या मते दोघांचं दुखणं एकच आहे. चव नावाची एकच गोष्ट असते असं धरून ते तिला विशेषणं चिकटवत बसतात. प्रत्यक्षात सफरचंद खाताना जीभ, नाक, दात आणि कान अशा चौघांचं काम चाललेलं असतं, तेही एकदम नाही, एकामागून एक. तो क्रम नीट पकडला की वर्णनाचं निम्मं काम झालं.

आधी जात म्हणजे काय ते

सफरचंदाचं बी पेरलं तर आईसारखं फळ मिळत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवीनच मिश्रण. एकाच फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडं येतील, आणि त्यातल्या एखाद्याचं फळ मुद्दाम जपावं असं निघालं तरी नशीब म्हणायचं. इंग्लंडमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं पेरलेल्या बियांतून ब्रॅम्ली ही जात आली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या जागेत १८६८ च्या सुमारास आपसूक उगवलेलं रोप म्हणजे ग्रॅनी स्मिथ. असं एखादं झाड आवडलं की त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बांधायची, हा एकच मार्ग. म्हणजे आज कुठेही ॲशमीड्स कर्नेलचं झाड उभं असेल, तर ते त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या झाडाचाच पुढे चालत आलेला तुकडा आहे.

जगभरात साडेसात हजारांच्या आसपास जाती असल्याचं सांगितलं जातं. इंग्लंडच्या केंट परगण्यात ब्रॉगडेल इथे जो राष्ट्रीय फळसंग्रह आहे, एकट्या त्यातच सफरचंदाच्या दोन हजारांहून जास्त जाती लावलेल्या आहेत. दुकानात पोचतात त्या डझन-दीड डझन, आणि त्यांची निवड करताना चवीपेक्षा प्रवास सोसण्याची ताकद आणि दिसणं यांना जास्त गुण मिळतात.

पण जनुकं तीच म्हणून फळ तेच, असं होत नाही. ऊन किती मिळालं, पाऊस कधी झाला, झाडावर फळांची गर्दी किती होती, यावर साखर आणि आम्ल दोन्ही बदलतात. एवढंच कशाला, एकाच फळाची उन्हाकडची बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा बहुधा गोड लागते. म्हणून एक फळ खाऊन जातीवर निकाल देणं घाईचं ठरतं. तीन-चार फळं तरी घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंच्या फोडी खाव्यात.

जिभेचं काम: साखर आणि आम्ल

जिभेचा वाटा वाटतो त्यापेक्षा लहान आहे. तिला मोजक्या मूळ चवी कळतात, आणि सफरचंदात त्यातल्या दोनच खऱ्या महत्त्वाच्या: गोड आणि आंबट. गोडीत सर्वांत मोठा हिस्सा फ्रुक्टोजचा असतो, सोबत सुक्रोज आणि ग्लुकोज. आंबटपणा जवळजवळ सगळा मॅलिक आम्लाचा. कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञानं १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातूनच ते वेगळं काढलं. लिंबातलं सायट्रिक आम्ल एकदम चावतं आणि लवकर ओसरतं. मॅलिक आम्ल जरा सावकाश चढतं आणि रेंगाळतं. सफरचंदाचा आंबटपणा घास गिळल्यावरही गालांच्या आतल्या बाजूला का टिकतो, याचं एक कारण हे.

गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण मिळतं. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, डोळा लावायचा आणि आकडा वाचायचा. हा आकडा ब्रिक्समध्ये येतो, आणि १०० ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर आहे ते त्यावरून कळतं. सफरचंदं बहुधा १० ते १५ च्या दरम्यान असतात. पण एकट्या ब्रिक्सवर विसंबलं तर फसगत होते. समजा दोन फळांचा ब्रिक्स १४ आहे. एकात आम्ल ०.३ टक्के, दुसऱ्यात ०.९ टक्के. साखर सारखीच असून पहिलं मिळमिळीत गोड लागेल आणि दुसऱ्याला बरेच जण आंबट म्हणतील. जिभेला जाणवतो तो दोहोंचा तोल. आणि तोल सारखा असला तरी दोन्ही बाजूंचं वजन निराळं असू शकतं. साखर कमी आणि आम्लही कमी, ते फळ पाणचट. दोन्ही भरपूर, ते फळ ठसठशीत. ॲशमीड्स कर्नेल दुसऱ्या गटातलं. म्हणून नुसतं 'आंबटगोड' लिहून भागत नाही. आधी कोण आलं, नंतर कोण आलं, आणि दोघांचा जोर किती, हे सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट तुरटपणा. षड्रसांत तुरट हा रस आहेच, पण शरीरशास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्शात जास्त धरतं. फळातली टॅनिन द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडात कोरड पडल्यासारखं वाटतं. खाण्याच्या सफरचंदांत टॅनिन थोडंच असतं. सायडर हे सफरचंदाचं मद्य करण्यासाठी मात्र मुद्दाम तुरट जाती लावतात. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातल्या बार्कर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा जातींचे चार गट पाडले, ते आजही वापरात आहेत. आम्ल ०.४५ टक्क्याच्या वर की खाली आणि टॅनिन ०.२ टक्क्याच्या वर की खाली, एवढ्या दोन प्रश्नांवर गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट असे गट होतात. डॅबिनेट कडू-गोड, किंग्स्टन ब्लॅक कडू-आंबट. अनोळखी झाडाचं फळ चावल्यावर तोंड एकदम कोरडं पडलं तर फळ वाईट आहे असं म्हणण्याआधी हा विचार करून पाहावा. ते कदाचित खाण्यासाठी नसेलच.

नाक बंद करून पाहा

एक साधा प्रयोग आहे. नाक चिमटीत घट्ट धरा, सफरचंदाची फोड तोंडात टाका आणि चावा. गोड कळेल, आंबट कळेल, करकर कळेल. सफरचंद मात्र कळणार नाही. आता चावता चावता नाक सोडा. क्षणात ते येतं. नाक सोडल्यावर जे आलं तो सगळा वास होता. घशाच्या मागच्या वाटेनं तो नाकात चढला. चव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला मोठा भाग असा मागच्या दारानं येतो.

सफरचंदात ३०० हून अधिक वासाची द्रव्यं सापडली आहेत. त्यातली बरीचशी इतकी थोडी असतात की नाकाला जाणवतही नाहीत. जी जाणवतात त्यांत मुख्य घराणं एस्टरांचं. ब्यूटिल ॲसिटेट, हेक्झिल ॲसिटेट, मिथाइलब्यूटिल ॲसिटेट ही नावं रसायनशाळेतली वाटली तरी ज्याला आपण 'पिकलेल्या फळाचा वास' म्हणतो तो यांचाच. फळ हे एस्टर पिकतानाच तयार करतं, आणि गरापेक्षा सालीत जास्त. म्हणून साल काढून खाल्लेलं सफरचंद वासाला मुकतं. चव घेताना साल ठेवावी. फार जाड किंवा चिवट असेल तर तशी नोंद करावी, पण सोलून टाकू नये.

दुसरं घराणं फळ कापल्यावर जन्माला येतं. पेशी फुटल्या की आतली मेदाम्लं आणि विकरं एकत्र येतात आणि काही सेकंदांत हेक्झॅनल, हेक्झेनल अशी द्रव्यं तयार होतात. नुकतंच गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो तो याच कुळातला. कच्च्या सफरचंदाला हिरवा वास जास्त आणि एस्टर कमी. पिकेल तसं पारडं फिरतं. त्यामुळे 'हिरवट वास' अशी नोंद झाली की ती जातीबद्दल जितकं सांगते, त्याहून जास्त फळाच्या तयारीबद्दल सांगते.

काही जातींचा वास इतका वेगळा असतो की एकदा कळला की विसरत नाही. एलिसन्स ऑरेंज या जातीत बडीशेपेची झाक येते. बडीशेपेच्या कुळातलं एस्ट्रागोल हे द्रव्य काही सफरचंदांत सापडतं. वूस्टर पियरमेन झाडावर पुरतं पिकलं तर स्ट्रॉबेरीची आठवण देतं. एग्रेमाँट रसेटला सगळे अक्रोड-बदामाच्या वळणावर नेतात. ॲशमीड्स कर्नेलबद्दल इंग्रज लोक 'पेअर ड्रॉप'चा हवाला देतात. ती त्यांच्याकडची नाशपातीच्या वासाची साखरेची गोळी, आणि तिचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरमुळे येतो. हाच एस्टर पिकलेल्या केळ्याच्या वासातही प्रमुख असतो. ज्यानं ती गोळी कधी चाखली नाही त्यानं 'केळं आणि नाशपाती यांच्या मधला, किंचित तिखट चढणारा वास' असं लिहिलं तरी मुद्दा पोचतो. दुसऱ्याच्या आठवणीतली उपमा उचलण्यापेक्षा आपल्या नाकाला ओळखीचं काय आहे ते लिहावं.

इथे एक मोठी अडचण आहे. वासाच्या बाबतीत माणूस सहज भुलतो. फ्रान्समध्ये बोर्दो इथे मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, नंतर तीच वाइन वास नसलेल्या लाल रंगानं रंगवून दिली. रंगवलेल्या वाइनचं वर्णन त्यांनी लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केलं. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाइन ओळखायला शिकणाऱ्यांची ही गत, तर विंटर बनाना असं नाव कानावर पडल्यावर ते सफरचंद खाताना केळ्याचा वास न येणारा माणूस सापडणं कठीणच. नाव, रंग आणि दुसऱ्यानं लिहिलेलं वर्णन, तिन्ही चव घेण्याआधी लांब ठेवावीत. फोडी दुसऱ्या कोणाकडून कापून घ्याव्यात, डोळे मिटून खाव्यात, आणि आधी आपली नोंद करून मग इतरांचं वाचावं.

आपल्याला खरंच फरक कळतोय की नुसतं वाटतंय, हे तपासायलाही एक जुनी युक्ती आहे. तीन फोडी घ्या: दोन एका जातीच्या, एक दुसरीची, तिन्ही सोललेल्या आणि सारख्या आकाराच्या. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येणारच, तेव्हा खेळ आठ-दहा वेळा करून पाहावा. जवळच्या नात्यातल्या दोन जातींवर हे केलं की भल्याभल्यांचा नूर उतरतो. (सोलायचं नाही असं मी वर म्हटलं खरं, पण इथे सालीवरून ओळखू येऊ नये म्हणून हा अपवाद.)

दात आणि कान

सफरचंदाच्या आकारमानाचा साधारण पाव भाग हवा असते. पेशींच्या मधल्या फटींत ती भरलेली असते, म्हणूनच सफरचंद पाण्यावर तरंगतं. पेशी आतून पाण्यानं फुगलेल्या आणि एकमेकींना पेक्टिननं जोडलेल्या असतात. दात बसल्यावर पुढे काय होणार, हे या जोडावर ठरतं. जोड घट्ट असेल तर पेशी स्वतःच फुटतात आणि रस उडतो. ते फळ करकरीत आणि रसाळ. जोड विरघळलेला असेल तर पेशी न फुटता सुट्या होतात, रस आतच राहतो आणि तोंडात नुसता चोथा फिरतो. ते फळ पिठूळ. गंमत म्हणजे पिठूळ सफरचंदात पाणी अनेकदा पुरेसं असतं, फक्त ते मोकळं होत नाही. कोरडं लागलं म्हणजे सुकलेलं, असं म्हणूनच धरता येत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठानं हनीक्रिस्प ही जात १९९१ मध्ये बाहेर आणली. त्यासाठीचा संकर १९६० मध्येच केला होता. तिच्या पेशी मोठ्या आहेत आणि चावताच फुटतात, त्यामुळे एका घासात तोंड रसानं भरतं. तिचा वास तसा बेताचाच, तरी लोक तिच्यावर जीव टाकतात ते या फुटण्यासाठी. ॲशमीड्स कर्नेलचा गर याच्या उलट वळणाचा: दाट, टणक, बारीक कणांचा. तो कडकन तुटतो खरा, पण सुटतो हळूहळू, त्यामुळे चावत राहावं लागतं आणि वासाला नाकापर्यंत चढायला वेळ मिळतो. चव घेताना दर वेळी आठ-दहा वेळा चावल्याशिवाय गिळू नये, याचं कारणही हेच.

कानाचं म्हणाल तर २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कमी-जास्त करून हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातले उंच सूर, वाढवले की तेच चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. चव घेताना म्हणूनच शांत जागा हवी. पंख्याच्या घरघरीत सगळी सफरचंदं थोडी मऊ वाटतात.

गराचं वर्णन करायला मराठीत शब्दांची ददात नाही: करकरीत, कुरकुरीत, कचकचीत, भुसभुशीत, रवाळ, पिठूळ, चिवट, दाठर, लिबलिबीत, रसरशीत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आणि त्यातला नेमका एक उचलला तर दोन ओळी वाचतात.

दिसण्याबद्दल थोडक्यात

दिसण्याची नोंद जात ओळखण्यासाठी लागते, चवीशी तिचा संबंध थोडा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १८८६ ते १९४२ या काळात चित्रकारांकडून फळांची सुमारे साडेसात हजार जलरंगचित्रं काढून घेतली. त्यातली जवळजवळ निम्मी सफरचंदांची आहेत. छायाचित्रं जेव्हा रंगीत नव्हती तेव्हा जातीचा पुरावा म्हणून हीच चित्रं कामाला येत. देठ लांब की आखूड, देठाचा खळगा खोल की उथळ, फुलाकडच्या टोकाला कंगोरे आहेत का, एवढं टिपलं की पुरे.

सालीवरचा तपकिरी खरखरीत थर मात्र चवीच्याही कामाचा आहे. त्याला रसेट म्हणतात. सालीच्या बाहेरच्या पेशींना बारीक तडे गेले की झाड खाली बुचासारखा थर तयार करून ते बुजवतं. हा थर मेणाइतका पाणी रोखत नाही, म्हणून रसेट जातींची फळं ठेवल्यावर लवकर सुरकुततात. पाणी गेलं की साखर आणि आम्ल दाट होतात. सुरकुतलेलं रसेट म्हणून फेकून देऊ नये. बऱ्याचदा ते तेव्हाच सर्वांत चांगलं लागतं.

कापल्यावर गाभ्याभोवती काचेसारखे पारदर्शक डाग दिसले तर घाबरू नका. पानांतून फळाकडे साखर येते ती मुख्यतः सॉर्बिटॉलच्या रूपात. ते पेशींत न शिरता मधल्या फटींत साचलं की असे डाग पडतात. जास्त झाले तर फळ साठवणीत टिकत नाही, पण तेवढा भाग गोडसर लागतो. जपानमध्ये फुजी सफरचंदात ते दिसले तर लोक खूश होतात.

तारीख लिहिली नाही तर वर्णन अर्धंच

झाडावरून उतरवल्यावरही सफरचंद श्वास घेत असतं. श्वासासाठी ते मॅलिक आम्ल जाळतं, म्हणून दिवसागणिक आंबटपणा उतरतो. उरलेल्या स्टार्चची साखर होते. इथिलीन वायू सुटतो आणि तो एस्टर बनवण्याची यंत्रणा चालू करतो. त्याच वेळी पेक्टिन विरघळत असतं. म्हणजे गोडी आणि वास वर जात असताना करकरीतपणा खाली जात असतो, आणि या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या आसपासचे काही आठवडे फळाचे सर्वांत चांगले. ते कधी येतील हे प्रत्येक जातीचं निराळं. उन्हाळ्यात पिकणाऱ्या कित्येक जाती तोडल्यावर आठवडाभरात उतरतात. आर्कान्सा ब्लॅक तोडणीच्या वेळी इतकं कठीण असतं की दाताला लागत नाही, आणि महिना-दोन महिने ठेवल्यावर माणसात येतं. ॲशमीड्स कर्नेल इंग्लंडात ऑक्टोबरमध्ये उतरवतात. तेव्हा ते फार आंबट असतं. बऱ्याच जणांना ते नाताळाच्या आसपास आवडतं. कॉक्स ऑरेंज पिपिन या जातीचं तयार फळ कानाशी धरून हलवलं की आतल्या बिया खुळखुळतात; एवढी सोपी खूण सगळ्यांना नसते.

इतरांसाठी आयोडीन आहे. फळ आडवं कापून त्यावर आयोडीनचं पातळ द्रावण लावलं की स्टार्च असेल तिथे गर काळा-निळा होतो. पूर्ण काळा म्हणजे अजून कच्चं. गाभ्यापासून बाहेरच्या दिशेनं पांढरा भाग वाढत गेला की फळ तयार होत चाललंय. बागवाले तोडणीचा दिवस असाच ठरवतात. हा काप अर्थात खायचा नाही.

विकतच्या फळाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त अशा हवेत फळ ठेवलं की त्याचा श्वास मंदावतो. केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट या दोघांनी १९२० च्या दशकात याचा पाया घातला. आज जगभरातल्या मोठ्या साठवणगृहांत हेच तंत्र चालतं आणि फळ अनेक महिने करकरीत राहतं. पण फार दिवस असं ठेवलेलं फळ बाहेर काढल्यावर एस्टर पूर्वीसारखे बनवत नाही. गर ताजा, वास गेलेला, अशी त्याची अवस्था होते. अशा फळावरून जातीची परीक्षा करणं जातीवर अन्याय आहे.

प्रत्यक्ष चव घेताना

फळ फ्रिजमधून काढून तासभर तरी बाहेर ठेवा. गारठ्यात वास वर येत नाही आणि गोडीही कमी लागते. दात घासून लगेच बसू नका: पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे काही काळ गोड कमी लागतं आणि आंबटात कडवटपणा येतो. तिखट खाल्लेलं असेल तर तो दिवसच सोडा. एका बैठकीला पाच-सहा जाती पुष्कळ झाल्या. सौम्य आधी, जहाल शेवटी, मध्ये पाण्याचा घोट. त्यात एक जात अशी ठेवा जी तुम्हाला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ओळखीची आहे. 'खूप आंबट' यातून काही कळत नाही. 'ग्रॅनी स्मिथइतकं आंबट, पण गोडी तिच्याहून जास्त' यातून लगेच कळतं.

अख्ख्या फळाचा वास घ्या, विशेषतः फुलाकडच्या टोकाचा. मग कापा आणि लगेच पुन्हा वास घ्या, कारण हिरवा वास दोन-तीन मिनिटांत बदलायला लागतो. गर किती वेळात लालसर-तपकिरी पडतो तेही पाहा. फिनॉल द्रव्यं आणि त्यांना हवेशी जोडणारं विकर ज्यांत जास्त, ती लवकर काळवंडतात. मग साल आणि गर दोन्ही येतील अशी फोड चावा, आणि पहिल्या चाव्याला काय झालं, चावता चावता काय बदललं, गिळल्यावर काय उरलं, एवढे तीन टप्पे त्या त्या वेळीच कागदावर टिपा. पाच मिनिटांनी आठवून लिहिलं की त्यात कल्पना शिरते. वासाला नाव सापडलं नाही तर कूळ लिहा: फळाचा, फुलाचा, हिरवा, सुक्या मेव्याचा, मसाल्याचा. 'फुलाचा, पण कोणत्या ते कळत नाही' ही नोंद ओढूनताणून लिहिलेल्या चमेलीपेक्षा कामाची आहे.

या पद्धतीनं ॲशमीड्स कर्नेलचं वर्णन साधारण असं होईल:

'डिसेंबरचा शेवट, तोडणीला दोन महिने झालेले, घरच्या तपमानाला. साल खरखरीत, कोरडी, थोडी चिवट. गर मलईच्या रंगाचा, दाट, टणक. कडकन तुटतो, रस बेताचा. पहिल्या चाव्याला आंबटपणा पुढे, जवळजवळ ग्रॅनी स्मिथइतका. चौथ्या-पाचव्या चाव्याला गोडी मागून येऊन त्याला गाठते, आणि त्याच वेळी केळं-नाशपातीच्या मधला वास नाकात चढतो. सालीच्या बाजूला किंचित तुरट. गिळल्यावर आंबटपणा गालांत राहतो, वास त्याहून जास्त वेळ टिकतो.'

यात छान, अप्रतिम असा एकही शब्द नाही, तरी हे फळ आपल्याला आवडेल की नाही ते वाचणारा ठरवू शकतो. ज्याला आंबट सोसत नाही तो दुसऱ्या वाटेनं जाईल. तोडणीनंतर लगेच कापलेल्या फळाला मात्र हे वर्णन लागू पडणार नाही: आंबटपणा ग्रॅनी स्मिथच्या पुढे जाईल आणि वासाची ओळ बहुधा कोरी राहील. मार्चपर्यंत ठेवलेल्या फळात साल सुरकुतलेली, गर रबरासारखा वाकणारा आणि गोडी पहिल्या चाव्यालाच पुढे, अशी नोंद करावी लागेल. एकाच जातीच्या नावाखाली या तिन्ही नोंदी तारखेसकट ठेवाव्यात.